पुस्तकानं खाल्लं म्हणे

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी माणसं खाणाऱ्या राक्षसांची पुस्तकं वाचते. जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात त्यांना. काळ्या-पांढऱ्या चित्रांची, इंग्रजीत भाषांतर झालेली, एकाच गोष्टीचे एकामागून एक भाग येत राहतात. त्यात राक्षस माणसाला खातो म्हणजे खरोखर खातो, कसा खातो ते पानभर दिसतं. मी दहिवडीकडची, मराठी शाळेत शिकलेली, डिप्लोमा करून कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणारी बाई. अशा बाईनं हे वाचू नये असं खूप लोकांना वाटतं. वाटू दे.

पहिला भाग मला सांगलीत रद्दीच्या दुकानात मिळाला. मी तिथं स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरायला कागद घ्यायला गेले होते. ढिगात एक पुस्तक पडलं होतं, वरती हातात लोखंडी आकडा घेतलेली एक बाई. तिचा चेहरा बघून मी थांबले. चिडलेली होती, आणि आपण चिडलोय याची तिला जराही लाज नव्हती. असा चेहरा मी आरशातसुद्धा कधी धड करून बघितला नव्हता.

घरी येऊन वाचायला घेतलं तर गंमतच झाली. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडं वाचायची असतात. मला काय माहीत, मी आपली नेहमीसारखी डावीकडून सुरुवात केली. पहिल्याच पानावर अर्धं गाव मरून पडलेलं. पुढं बघते तर एकेक जण राक्षसाच्या तोंडातून बाहेर येतोय, उभा राहतोय, घरी जाऊन जेवायला बसतोय. म्हटलं, बरं आहे की, भल्या राक्षसाची गोष्ट दिसतेय. निम्मं पुस्तक झाल्यावर नवऱ्यानं डोकावून बघितलं आणि हसून हसून तो पलंगावर आडवा झाला. मग मी पुन्हा बरोबर बाजूनं वाचलं आणि त्या रात्री जेवले नाही.

गोष्ट अशी होती. बर्फाळ समुद्राकाठचं कोळ्यांचं एक गाव. धुक्याचे दिवस आले की समुद्रातून विजेच्या खांबाएवढे उंच राक्षस येतात. दार फोडत नाहीत. दाराशी उभे राहतात आणि आधी खाल्लेल्या माणसांच्या आवाजात हाका मारतात. आई हाक मारते, नवरा हाक मारतो, आणि आतलं माणूस राहवेना म्हणून स्वतःच कडी काढतं. ती आकडेवाली बाई जाळी विणणारी. तिच्या नवऱ्याला खाल्लेलं. तिच्या दाराशी रोज नवऱ्याचा आवाज येतो आणि ती कडी काढत नाही.

मला ते लय आवडलं. का आवडलं, असं लोक विचारतात तेव्हा पुरणपोळी का आवडते हे तुम्हाला कधी कुणी विचारलंय का, असं मी विचारते. पण खरं सांगायचं तर त्या गावात एक सुख होतं. राक्षस समोर आला की पळायचं, लपायचं, नाहीतर मारायचं. चार लोक काय म्हणतील हा प्रश्न तिथं कुणाला पडत नव्हता.

पगार झाला की मी एकेक भाग मागवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि शेजारी पुस्तक उघडायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, "रगात बघत बघत भाकरी कशी उतरती गं तुझी?" मी म्हणायचे, "ठेच्याबरोबर." इंग्रजीसुद्धा मी तिथंच सुधारलं. कारखान्यात बाहेरच्या कंपनीचे साहेब आले की आता मी बोलते. पोपटासारखं नसेल, पण बोलते.

घरात मात्र सासूबाईंना ते पुस्तक पहिल्या दिवसापासून खटकलं. आमच्या घरात मी, नवरा आणि सासूबाई अशी तीनच माणसं. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. आत्या मूळच्या कडेगावकडच्या. सासरे नोकरीसाठी कुपवाडला आले तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या आणि सासरे गेल्यावरही इथंच राहिल्या. चित्रांबद्दल त्या फारसं बोलल्या नसत्या. त्यांना धास्ती बसली ती मी पुस्तक उलटीकडून वाचते हे बघून. पोथी सुलटी वाचतात, वर्तमानपत्र सुलटं वाचतात. शेवटाकडून सुरू होतं ते करणीचं, अशी त्यांची खात्री. मी समजावून सांगितलं, आत्या, त्यांची लिहायची पद्धतच तशी आहे. नवऱ्याची हाक ऐकूनही कडी न काढणाऱ्या बाईची गोष्टसुद्धा सांगितली. त्या म्हणाल्या, "असंल. पण कुणाच्या पद्धतीनं काय घरात येतंय, ते आपल्याला कसं कळायचं?"

त्याच आत्या दुपारी शेजारच्या पोरांना गाडाभर भात, दोन रेडे आणि वर एक माणूस रोज खाणाऱ्या राक्षसाची गोष्ट अगदी हात हलवून सांगायच्या. मिक्सरच्या वर टांगलेल्या कॅलेंडरावर देवीच्या हातात राक्षसाचं मुंडकं होतं, त्यातून रक्त गळत होतं, आणि त्याच्याकडं बघत बघत आम्ही रोज चटणी वाटायचो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा नवऱ्यानं मोटारसायकलला किक मारली. तो स्वभावानं गरीब. भांडणाचा वास आला की त्याला बाहेर काहीतरी आणायला जायचं असतं.

मग मला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात ते पोटातलं गेलं.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की सुरुवातीलाच ते नीट रुजलं नव्हतं, तुम्ही काही केल्यानं किंवा न केल्यानं झालेलं नाही. मी ते ऐकलं, नवऱ्यानं ऐकलं, आत्यांनीही ऐकलं. घरी आल्यावर सगळे माझ्याशी फार चांगले वागले. कुणी म्हणालं देवाच्या मनात नव्हतं, कुणी म्हणालं अजून वय आहे. मला कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं.

मी पुस्तक काढलं. अलीकडच्या एका भागात जाळीवालीच्या शेजारणीचं पोर राक्षसानं नेलेलं होतं. त्यानंतर पानंच्या पानं ती शेजारीण नुसती बसलेली. एक अक्षर नाही. चुलीजवळ बसलीय, दारात बसलीय, पाण्याकाठी बसलीय. जाळीवाली येते, तिच्या शेजारी बसते, जाळं विणते, काही बोलत नाही. अख्ख्या सांगली जिल्ह्यात मला जे कुणी दिलं नाही ते त्या पानांनी दिलं. मग मी एक वेडेपणा केला. तो भाग पुन्हा उघडला आणि मुद्दाम चुकीच्या बाजूनं वाचला. तसं वाचलं की पोर धुक्यातून परत येतं आणि आईच्या मांडीवर जाऊन बसतं. मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

त्याच आठवड्यात मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले होते. मागच्या दारी आत्या शेजारणीशी बोलत होत्या. हळू बोलायचं त्यांना जमत नाही. "उलटं पुस्तक वाचायची. माणसं खाल्ल्याली चित्रं. मी लय सांगितलं. त्यानंच खाल्लं बघा पोराला."

पुस्तकानं खाल्लं. मी तांब्या खाली ठेवला. बाहेर जाऊन दोन शब्द सुनवायला पाहिजे होते, पण मी तशीच खोलीत परत गेले. डॉक्टरीणबाईंनी जे माझ्यावरून उतरवलं होतं ते यांनी एका वाक्यात परत माझ्या डोक्यावर ठेवलं. आणि ते गल्लीभर झालं. बायका भेटायला यायच्या, चहा प्यायच्या, आणि त्यांची नजर कपाटाकडं जायची. एकीनं तर विचारलंसुद्धा, "कुठाय गं ते पुस्तक?" जसं काय मी घरात साप पाळला होता.

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी आत्यांनी सगळे भाग पोत्यात भरून माळ्यावर टाकले. नंतर शेवटचा भाग कुरिअरनं आला, तोही त्यांनीच घेतला आणि न फोडता त्या पोत्यात गेला. मी नवऱ्याला म्हटलं, काढून दे. तो म्हणाला, "आत्ता नको गं. थोडे दिवस जाऊ देत. आईला कशाला दुखवायचं?" मला दुखवायचं असलं तर मात्र परवानगी लागत नव्हती.

पुन्हा दिवस गेले तेव्हा घरानं माझा ताबाच घेतला. पलंगासमोर गुटगुटीत बाळाचा फोटो लागला, सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडं बघायचं. फोनवर गर्भसंस्काराचे मंत्र. आत्या रोज कुठल्यातरी संताचं चरित्र उशाशी ठेवायच्या. मी ते वाचलं, चांगलं होतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण वेगळंच होतं. आता काही वाईट झालं तर ते माझ्यामुळं, आणि चांगलं झालं तर पुस्तकं माळ्यावर टाकल्यामुळं, असा हिशेब सगळ्यांनी मनात करून ठेवला होता. म्हणजे कसंही झालं तरी पहिल्याचं पाप माझ्याच पदरात. मूल सुखरूप झालं की त्या आरोपावर शिक्काच बसणार. हे मला सहन होत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

इथंच एक गोष्ट स्पष्ट करते. पुढं बाळ झालं का, कसं झालं, मुलगा की मुलगी, हे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच निकाल द्याल. सुखरूप झालं म्हटलं तर म्हणाल, चला, पुस्तकं निर्दोष सुटली. पुस्तकांवर खटला होताच कुठं? तेव्हा ते माझं मी ठेवते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण घातलं. घरासमोर मांडव, थर्माकोलचा मोठा चंद्र, त्यात मला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून बसवलं. माझी आई दहिवडीहून आली होती. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या. आणि कडेगावहून आत्यांची थोरली जाऊ आली होती. आत्या त्यांना आक्का म्हणतात. आक्का आल्या की आत्या आपल्याच घरात पाहुण्यासारख्या वागायला लागतात, पदर सावरतात, बसायचं का उभं राहायचं ते त्यांना कळत नाही.

ओटी भरली, गाणी झाली, दोन वाट्या झाकून ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्ले. बायका हसल्या. मग आक्कांनी खुर्ची पुढं ओढली आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "बरं सुनबाई, डोहाळं कसलं लागल्यात? सांग. मागशील ते द्याला लागतंय आज. न्हाईतर पोराचा कान फुटतोय."

हे सगळ्यांना माहीत आहे. पोटुशी बाई मागेल ते द्यायचं. कुणी चिंच मागतं, कुणी भजी, कुणी माती. कुणी नाही म्हणत नाही, म्हणायचंच नसतं. मी काही आधी ठरवलं नव्हतं. पण आक्कांनी विचारलं आणि मला आत्यांचा मागच्या दारचा आवाज आठवला.

मी म्हटलं, "मला माझी पुस्तकं पाहिजेत. माळ्यावरच्या पोत्यातली. शेवटचा भाग वाचायचा राहिलाय."

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. आईनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. आक्कांना काही कळेना. "कसली पुस्तकं?"

"माणसं खाणाऱ्या राक्षसांची," मी म्हटलं. "पहिलं बाळ ज्यांनी खाल्लं म्हणतात ती. तोच डोहाळा लागलाय मला. दुसरं काही नको."

एक बाई हळूच म्हणाली, डोहाळा म्हणल्यावर द्याला पाहिजे. दुसरी म्हणाली, असला कुठं डोहाळा असतोय व्हय? तिसरीनं तिच्या भावजयीला राखेचे डोहाळे लागले होते ते सांगायला सुरुवात केली. दोन तट पडले. मी खाली बघितलं नाही. फुलांचा मुकुट डोळ्यावर येत होता तो वर सारला आणि बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा मला आपण ताठ बसलोय असं वाटलं.

आक्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आवाज मोठा, पण सूर चेष्टेचा. "हे बघ पोरी, बाईच्या जातीनं मन आवरावं. मनाला यील ते वाचायचं न्हाई आन् जिभंला यील ते खायाचं न्हाई. लांब कशाला, तुझ्या सासूलाच इचार की. पैल्या खेपंला हिला सांगिटलं हुतं, पपई खाऊ नगं. हिनं चोरून खाल्ली. गेलं का न्हाई पोर? आमी काय बोललो का तवा? पदरात घेतलंच की."

बायका हसल्या. वाईट हसल्या असं नाही, जुनी गोष्ट निघाली की हसतात तसं. आक्काही हसल्या. माझ्या नवऱ्याआधी एक होतं हे मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नसावं, कारण दाराशी ताक वाढायला उभा होता तो तिथंच थांबला. मी आत्यांकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं ते त्यांनी माझ्या आईच्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या.

मला त्यांची दया आली का? खरं सांगू, नाही आली. आधी रागच आला. स्वतःच्या अंगावर हे घेऊन ही बाई आयुष्यभर वावरली आणि तेच उचलून माझ्या अंगावर टाकलं. दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर एक वेळ समजलं असतं. जिला पुरतं माहीत होतं तिनंच टाकलं.

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. नवरा आत धावला आणि लगेच परत आला, बहुतेक त्याला बाहेर काढलं होतं. बायका जेवणाच्या तयारीला लागल्या होत्या, आक्का कुणाला तरी मांडवाचा खर्च विचारत होत्या. तेवढ्यात आत्या आल्या. केसांवर माळ्यावरची जळमटं, साडीवर धुळीचे हात, आणि कुरिअरचं ते पिवळं पाकीट, अजून न फोडलेलं. त्या कुणाकडं न बघता सरळ माझ्यापर्यंत आल्या. माझ्या ओटीत नारळ होता, तांदूळ होते, खण होता. त्यावर त्यांनी ते पाकीट ठेवलं, जसं ओटीत ठेवतात तसंच, दोन्ही हातांनी. आणि रिवाजाप्रमाणं कपाळाला कुंकू लावलं.

मग मागं वळल्या. आक्कांसमोर त्यांना मी कधी पदर न सावरता उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"आक्का," त्या म्हणाल्या, "मी पपई खाल्ली न्हवती."

आक्का म्हणाल्या, "आगं, आता त्येला किती वर्षं झाली."

"झाली असतील. पण मी खाल्ली न्हवती. आन् हिच्या पुस्तकानं बी काय खाल्लं न्हाई. मी म्हणाले हुते तसं, गल्लीभर म्हणाले हुते. ते खोटं हाय."

एवढं बोलून त्या माझ्या शेजारी चंद्रात बसल्या. ती जागा एकटीचीच होती, थर्माकोल करकर वाजला. फोटोवाल्या पोरीला काही कळेना, तिनं तसाच फोटो काढला. मी दातानं पाकीट फोडलं, पुस्तक काढलं आणि उजवीकडून उघडलं. आत्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "ह्यातली कडी न काढणारी कुठली?"

मी बोट ठेवून दाखवली.